वाड्याचं तोंड, सीमेचं फाटक

बोराटीच्या कुंपणातून मेंढरं गेली की काट्याकाट्याला लोकरीचा एकेक झुपका अडकून राहतो. त्या वेळी तो कुणी काढत बसत नाही, कळप पुढं पळत असतो. मग कधीतरी मोकळ्या हातानं त्याच वाटेनं जावं, तर अर्ध्या घोंगड्याची लोकर गोळा होते. किस्स्यांचं तसंच आहे. अडकलेले असतातच. आपण मोकळे कधी होतो, एवढाच प्रश्न.

आज मी मोकळी आहे असंही नाही. फोन चार्जिंगला लावून शेजारी ठेवलाय. त्याच्याकडं बघत बसण्यापेक्षा हात चालू ठेवलेला बरा, म्हणून लिहिते. आता कुणी विचारेल, म्हातारीनं शाळा बघितली नाही, मग ही लिहिते कशी? नाहीच बघितली. अक्षरं मी एस.टी.च्या पाट्यांवर शिकले. 'ब' बारामतीचा, 'इ' इंदापूरचा, बाकीची मधल्या गावांनी पुरवली. शाळेत गेलेले आता फोनला तोंड लावून बोलतात आणि फोन त्यांच्यासाठी लिहितो. मी माझ्या हातानं लिहिते!

किस्से सगळे आमच्या दूध डेअरीच्या कट्ट्यावरचे. कळंबच्या अलीकडं आमची वस्ती. एके काळी सगळी मेंढरांमागं फिरणारी माणसं. आता कुणाचा ऊस, कुणाच्या गाई, कुणी कारखान्यात, कुणी पुण्याला कंपनीत. पण सकाळ-संध्याकाळ किटली घेऊन सगळे एकाच कट्ट्यावर. आणि गेले काही महिने कट्ट्याला विषयही एकच. दिल्लीत येऊ घातलेलं बिल. सीमेवर तारेच्या जागी पक्की भिंत बांधायचं.

बाकीच्यांना तो विषय. मला भीती. कारण बंगालकडच्या त्या तारेला एक फाटक आहे, आणि त्या फाटकावर माझी नात उभी असते.

* * *

कट्ट्यावर पेपर वाचून दाखवायचा मान तात्यांचा. तात्या रिटायर तलाठी. गावातल्या प्रत्येक बांधाची मापं त्यांच्या डोक्यात आहेत, त्यातली निम्मी चुकीची.

एका सकाळी त्यांनी पेपर असा उघडला की जणू शेवटची सही त्यांचीच व्हायची राहिलीय. म्हणाले, बिल पास झालं की अशी भिंत उठणार, की मुंगी शिरायची नाही.

मी विचारलं, भिंतीला दारं किती?

तात्या हसले. दारंच ठेवायची तर भिंत कशाला बांधायची, असं त्यांचं म्हणणं. पेपरातही तसंच होतं म्हणे. आत्ता जी फाटकं आहेत त्यातली बरीचशी बंद करायचा विचार आहे.

"तात्या, तुमी जमिनी मोजल्या, मेंढरं न्हाय राखली," मी म्हणाले. "मेंढरांच्या वाड्याला तोंड असतं. तोंड न्हाय त्याला वाडा म्हणत न्हायती. थडगं म्हणत्यात."

कट्टा हसला. मशीनवर दुधाचं फॅट बघणारा भानुदास तेवढा हसला नाही. त्यानं लाइन सोडून माझी किटली आधी घेतली.

तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली. डेअरीच्या लाइनीत न मागता पुढं घेतात ते फक्त ज्याच्या घरी सुतक आहे त्याला.

* * *

सारिका माझ्या थोरल्या लेकाची पोरगी. भरतीसाठी कालव्याच्या रस्त्यानं पहाटे पळायची. कुत्री मागं लागायची म्हणून मी पुलावर काठी घेऊन बसायचे. तिची आई शालन, माझी सून, तिला ते पळणं अजिबात पसंत नव्हतं. पोरगी सीमेवर जाणार म्हटल्यावर चार दिवस चूल पेटली, पण शालन बोलली नाही. मग लोणी भापकरहून स्थळ आलं. मुलगा चांगला, शेती चांगली, अट एकच, नोकरी सोडायची.

"आमची पोरगी देशाचं दार राखती," मी पाहुण्यांना सांगितलं. "तुमच्या घराचं दार राखाया दुसरी बघा."

पाहुणे पोहे अर्धे टाकून गेले. शालन अजून ते पोहे बोलून दाखवते.

पहिल्या पोस्टिंगवरून सारिकाचा फोन आला तो मोठा गमतीचा. म्हणाली, आज्जे, तार सीमेवर नाहीच, अलीकडंच आहे. खरी सीमा पुढं, तार मागं, आणि मधल्या पट्ट्यात अलीकडच्याच गावांची शेतं अडकलेली. सकाळी फाटक उघडायचं, शेतकऱ्याचं कार्ड ठेवून घेऊन त्याला पलीकडं सोडायचं. संध्याकाळी पाचला शिट्टी. माणसं आत, कार्ड परत, फाटकाला साखळी.

मी म्हणाले, अगं, हा तर वाडाच झाला. मोजतेस कशी?

तर म्हणे कार्डांवरून. पेटीत कार्ड उरलं नाही म्हणजे सगळी आली.

मग मी तिला घरची रीत सांगितली. आमच्यात मेंढरं मोजत नाहीत, ओळखतात. मोजणाऱ्याला कळतं एक कमी आहे. ओळखणाऱ्याला कळतं कानफाटकी आली नाही, आणि ती कुठं रेंगाळते तेही त्याला ठाऊक असतं. दुसरी रीत, शेवटचं जनावर आत आल्याशिवाय वाड्याचं तोंड बांधायचं नाही. मग वेळ काही का होईना.

फुशारकीनं सांगितलं मी. आपलं शहाणपण नातीच्या सरकारी नोकरीत चालतंय म्हटल्यावर म्हातारीला आणखी काय पाहिजे? शालन भाकरी थापत ऐकत होती. ती एवढंच म्हणाली, की आत्या, ती मेंढरं न्हायती आणि तो आपला माळ न्हाय.

मी तिला गप्प केलं. तेव्हा मला ते जमायचं.

* * *

ही दुसरी रीत घरात कशी आली ते सांगते.

माझे सासरे, सगळे त्यांना आबा म्हणत. मी लग्न होऊन आले त्या वर्षी माळावर लांडग्यांचा फार जोर झाला होता. आज याचं कोकरू, उद्या त्याचं. आबा घाबरले. घाबरलेला माणूस उंच बांधतो. त्यांनी बाभळीचे काटे पुरुषभर रचले, तोंडाला बोराटीचं अख्खं झुडूप ओढलं, आणि एका दिवशी ऊन असतानाच वाडा बंद केला.

एक गाभण मेंढी बाहेर राहिली. ती कुंपणाभोवती ओरडत फिरायला लागली. मी आबांना म्हणाले, तोंड सोडते. ते म्हणाले, एकीपायी सगळी घालवायची का? नवी सून होते, गप्प बसले. आयुष्यात गप्प बसल्याची तेवढीच एक वेळ आठवते.

तिच्या ओरडण्यावर लांडगा आला. मेंढी बिथरून शेजारच्या उंचवट्यावर चढली आणि तिथून तिनं कुंपणाच्या आत उडी टाकली. तिच्यामागं त्यानं. लांडगा एकच. पण आत पळायला जागा कुठं होती? सगळा कळप एका अंगाला दाबला गेला, एकावर एक चढला. आम्ही बाहेरून काटे ओढतोय, हात रक्तानं भरलेत, आणि तोंड उघडेना. आमचंच बांधकाम, फार पक्कं!

लांडग्यानं नेलं एक कोकरू. गुदमरून मेली एकोणीस. त्यांच्या अंगावर ओरखडासुद्धा नव्हता.

आबा त्या ढिगापाशी बसले. बराच वेळ लोकरीवरून हात फिरवत राहिले. मग म्हणाले, "लांडग्यानं एक खाल्लं. बाकीची माझ्या कुंपणानं खाल्ली."

त्यानंतर शेवटचं जनावर येईपर्यंत त्यांनी तोंडाला काटा लावला नाही, स्वतः तोंडात बसून राहायचे. आणि म्होरक्या बकऱ्याच्या गळ्यात त्यांनी पितळी घंटा बांधली. कधी घंटा एकटीच परत आली, तर आबा बकऱ्याला माघारी फिरवायचे आणि त्याच्या मागं चालू लागायचे. आपण कुणाला सोडून आलो, ते घंटेला ठाऊक असतं म्हणायचे.

सारिकाला लहानपणी जेवताना हीच गोष्ट लागायची. दुसरी सांगितली तर घास गिळायची नाही.

* * *

बिल समजावून सांगायला एक पुढारी गावात आले. मारुतीच्या देवळापुढं मांडव, माइक, पाण्याच्या बाटल्या. भिंत झाली की तुम्ही बिनघोर झोपाल, असं ते म्हणाले. मी उठले आणि विचारलं, ज्यांची शेतं पलीकडं राहिली त्यांनी यायचं-जायचं कुठून?

ते गोड हसले. आजी, एवढ्या बारीक गोष्टीत शिरलं तर देशाची मोठी कामं व्हायची कशी, म्हणाले.

"मला बारीकच दिसतं," मी म्हणाले. "माझी नात बी बारीकच हाय. फाटकावर उभी हाय. तुमचं कोण हाय तितं?"

पण पुढारी पक्का. तो खाली उतरून आला, माझ्या खांद्यावर हात टाकला, फोटो काढून घेतला आणि गेला.

चौथ्या दिवशी कट्ट्यासमोर फ्लेक्स! तोच फोटो, माझं तोंड टोपलीएवढं, आणि वर लिहिलेलं, 'सीमेवर भिंत हवीच. वीरकन्येच्या आजींचा जाहीर पाठिंबा.'

शालन वाचून पांढरी पडली. पोरीच्या साहेबांनी बघितलं तर? घरचे राजकारण करतात म्हणून तिलाच जाब विचारतील. मी घरी जाऊन विळा आणला, भानुदासकडून स्टूल घेतलं, वर चढले आणि माझं तोंड तेवढं कापून काढलं. बाकीचा माल ज्याचा त्याला.

महिनाभर तो फ्लेक्स तसाच होता. पुढारी हसतायत आणि त्यांचा हात एका भोकाच्या खांद्यावर. वारा सुटला की भोकातून शिट्टी वाजायची. कट्टा हसायचा. मला मात्र पाच वाजल्याची आठवण व्हायची.

* * *

तात्यांनी दिल्लीची वाट बघितली नाही. आपल्या उसाला आपणच कुंपण घातलं. रानडुकरं फार झाली होती, हे खरं. पाच पदरी तार, बॅटरीवरचं झटका मशीन, पिवळी पाटी, तारेचंच फाटक. मशीन कुंपणाबाहेर, विहिरीवरच्या खोलीत कुलपात. दुपारी चारला आपोआप चालू होणारं. कट्ट्यानं आठवडाभर झटक्याचं व्याख्यान ऐकलं.

एका संध्याकाळी तात्या डेअरीला आले नाहीत. त्यांच्या मंडळी आल्या, डोळ्यांना पदर लावून. तात्या दुपारी उसात गेलेत, फोन उचलत नाहीत. सगळ्यांच्या डोळ्यांपुढं ती तार. भानुदासनं मोटरसायकल काढली, मी मागं बसले. वाटेत त्यानं मला विचारलं, की आक्का, झटक्यानं माणूस मरतो का? मी म्हणाले, पुढं बघ.

हाका मारल्या. उसाच्या कडेनं बारीक आवाज आला. तात्या आतच होते, उभे. फाटक आपल्यामागं नीट लावून घेतलेलं. पाणी बघताना चार वाजून गेले. खोलीची किल्ली आणि फोन बाहेर स्कूटरच्या डिकीत. तारेला हात लावायचं धाडस नाही, कारण मशीनची ताकद आठवडाभर त्यांनीच वर्णन करून सांगितलेली. तीन तास माणूस आपल्याच उसात कोंडलेला. ओठ सुकलेले.

भानुदासनं डिकीतून किल्ली काढून मशीन बंद केलं. मी फाटकाशी उभी राहिले.

"तात्या," मी विचारलं, "कार्ड आणलंय का?"

* * *

सारिकाच्या फाटकातून एक म्हातारी रोज गाय घेऊन पलीकडं जायची. तिचं भाताचं शेत तिकडं. तिची भाषा बंगाली, सारिकाला त्यातले चार शब्द येतात. तरी दोघी रोज भांडायच्या. म्हातारी सगळ्यांत शेवटी यायची, शिट्टी ऐकल्यावरच पाय उचलायची, आणि कार्ड परत घेताना सारिकाच्या गालाला हात लावून काहीतरी पुटपुटायची. काय म्हणते गं, असं मी विचारलं.

"काय ठावं," सारिका म्हणाली. "पर आवाज तुझ्यासारखा हाय. शिव्याच आसणार."

मग बिलाची कुणकुण तिकडच्या गावांतही गेली. फाटक बंद होणार, पीक पलीकडंच राहणार. लोक घाबरले आणि अंधार पडेपर्यंत भात कापायला लागले. एका संध्याकाळी शिट्टी झाली, माणसं आली, पेटीत एक कार्ड उरलं. बरोबरच्या शिपायानं साखळी उचलली. सारिका फाटकाच्या मधोमध उभी राहिली आणि हलेना.

अकरा मिनिटं. मग धुक्यातून गाय आली, मागं म्हातारी, डोक्यावर भारा.

दुसऱ्या दिवशी सारिकाला साहेबापुढं उभं केलं. फाटक अकरा मिनिटं उघडं का राहिलं? "किसके ऑर्डर से?"

"आजी के, सर."

हे सांगताना ती फोनवर हसली. मी कट्ट्यावर सांगितलं तेव्हा कट्टाही पोट धरून हसला. साहेब हसला नव्हता. त्यानं ते लिहून घेतलं होतं.

* * *

चौकशी झाली. बिलाच्या चर्चेनं वरपासून खालपर्यंत सगळेच टाइट झालेले. सारिकाला लेखी मिळालं, यापुढं फाटक एक मिनिट जरी उशिरा बंद झालं तर घरी जायचं.

शालननं ते ऐकलं आणि ताट माझ्यापुढं आदळलं.

"आत्या, तुमच्या मेंढरांनी माझ्या लेकीची नोकरी खाल्ली."

मी ताट तसंच ठेवून वही शोधली.

मग मी साहेबाला पत्र लिहायला बसले. तात्या म्हणाले, मसुदा मी देतो, 'उपरोक्त विषयान्वये' असं सुरू करा. मी माझंच लिहिलं. 'साहेब, पोरीला आर्डर मी दिली. शिक्षा मला द्या. मी कळंबजवळ राहते, कुठं पळून जाणार नाही, गुडघे दुखतात.' भानुदासनं त्याचा फोटो काढून ठेवलाय, कुणी उदास दिसला की दाखवतो.

पत्राबरोबर सारिकासाठी पार्सल केलं. ट्रंकेतली आबांची घंटा. शिट्टी फाटकाकडून शेताकडं जाते, पण शेताकडून फाटकाकडं काहीच येत नाही, हे मला खटकत होतं. गाईच्या गळ्यात घंटा असली तर म्हातारी किती लांब आहे ते फाटकाला कळेल.

पोस्टातल्या बाबूनं पत्ता वाचला. सीमा दलाचा. मग त्यानं पार्सल उचललं, आणि आत काहीतरी वाजलं. त्यानं ते असं खाली ठेवलं, जसं झोपलेलं पोर ठेवतात, आणि भिंतीला टेकून उभा राहिला. मागची लाइन आपोआप दारापर्यंत सरकली. उघडा म्हणाला, पण लांबूनच.

मी उघडून वाजवून दाखवली. बाबूला घाम आलेला. त्यानं विचारलं, कुणाच्या गळ्यात बांधायची? मी सगळं सांगितलं. फाटक, म्हातारी, अकरा मिनिटं. तो ऐकत राहिला, मग आपल्या हातानं पार्सल शिवलं आणि वर काय लिहायचं याचा विचार करून लिहिलं, 'देवाचं साहित्य'.

घंटा पोचली. म्हातारीला आवडली म्हणे, गाईपेक्षा तीच जास्त मिरवायची. शिट्टीच्या आधी घंटा फाटकापाशी यायला लागली. एक दिवस नाही की दोन दिवस नाही, पंधरा-वीस दिवस पेटीत एकही कार्ड उरलं नाही. सोळाव्या की सतराव्या दिवशी शालननं मला विचारलं, आत्या, चहा टाकू का?

मी म्हणाले, आलं घाल.

* * *

हा शेवटचा कालचा आहे.

संध्याकाळी पाचला डेअरी उघडली. आपल्याकडं त्या वेळी ऊन असतं. तिकडं दिवस लवकर बुडतो, पाचला अंधारून येतं. मी लाइनीत होते आणि फोन वाजला. सारिका ड्यूटीवर कधी फोन करत नाही. मी किटली भानुदासच्या हातात दिली. शालन वैरण घेऊन चालली होती, ती भारा टाकून माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. तिनं माझा दंड धरला.

"आज्जे, गाय आली."

म्हटलं, बरं झालं.

"एकटीच आली. म्हातारी न्हाय. पेटीत तिचं कार्ड हाय."

तिला धाप लागली होती. शिट्टी होऊन गेलेली. धुकं एवढं, की दहा पावलांपुढचं दिसत नव्हतं. हाका मारून झाल्या. साखळी लावायची वेळ झाली होती, बरोबरचा शिपाई घाई करत होता, आणि गाय फाटकातून आत येईना. शेताकडं तोंड करून उभी.

"आज्जे," ती म्हणाली, "घंटा एकटीच आली तर आबा काय करायचे?"

ही गोष्ट ऐकत ती भाकरी खायला शिकली. ती विचारत नव्हती. ऑर्डर मागत होती.

मी आयुष्यात खोटं बोललेली नाही. त्यापायी दोन सोयरिकी मोडल्या आणि एक निवडणूक हरले. शालनची बोटं माझ्या दंडात रुतली होती. भानुदासनं मशीनसुद्धा बंद केलं होतं.

"काय न्हाय करायचे," मी म्हणाले. "तोंड बांधायचे आन् भाकरी खायाला बसायचे. बांध तू."

साखळी ओढल्याचा आवाज आला, लोखंडावर लोखंड. मग कुलूप दाबल्याचा. शालननं माझा दंड सोडला आणि ती तिथंच कट्ट्यावर बसली.

"बांधलंस?" मी विचारलं.

"बांधलं. येळेवर. शिपायानं रजिस्टरला लिवलंय."

मी श्वास सोडला. आणि तेवढ्यात फोनमधून घंटा ऐकू आली. आबांची. हजारांत ओळखीन मी ती. उभ्या जनावराच्या गळ्यात ती अशी वाजत नाही, चालत्या जनावराच्या गळ्यात वाजते.

"सारिका," मी म्हणाले, "घंटा कुठं वाजतीय?"

"पुढं," ती म्हणाली. "मी भायेर हाय, आज्जे. तिच्या मागं."